पंचाहत्तरी आणि तेरा टक्के

आमच्या आण्णांचा वाढदिवस १ जूनला असतो. ही तारीख त्यांना गुरुजींनी दिली. त्या काळात पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की "हुरड्याच्या दिवसांत झालंय बघा, म्हातारी गेली त्याच्या मागच्या साली" असलं उत्तर यायचं. मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघायचे आणि दाखल्यावर १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे आण्णांच्या मिलमधल्या निम्म्या दोस्तांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. सकाळपासून शुभेच्छांचे फोन सुरू होतात आणि आण्णा प्रत्येकाला "तुम्हालाही" म्हणून फोन ठेवतात.

यंदा पंचाहत्तरी होती. आईच्या मनात सत्यनारायण, हुग्गी आणि येसर आमटी असा बेत होता. कुणाच्या जिवाला धोका नसलेला बेत. तो मी मोडला, कारण हिवाळ्यात मी अकलूजला जाऊन आलो होतो.

सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर, शेंगा चटणी आणि ऊन एवढंच आठवतं. याच जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात इटालियन वळणाची वाईन तयार होते, हे अजूनही कित्येक सोलापूरकरांना सांगितलं तर ते "जाऊ द्या की सर" म्हणतात. पण आहे खरं. फ्रातेल्ली हा उद्योग भावांच्या तीन जोड्यांनी मिळून उभा केला. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू. वाईन करायला टस्कनीहून पिएरो मासी नावाचे मुरलेले गृहस्थ आले. टस्कनीतली सांजोवेझे ही द्राक्षाची जात आता आमच्या उसाच्या पट्ट्यात राहते आणि तिला मानवतंय म्हणे.

तिथं आम्ही कॉलेजचे मास्तर सहलीला गेलो होतो. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं, हे फळ्यावर लिहिण्यात माझी उमर गेली. तरी पेला गरगर फिरवून त्यात नाक खुपसायचा प्रसंग पहिलाच. तिथल्या मुलीनं विचारलं, "कसला वास येतोय?" कुणीतरी ब्लॅकबेरी म्हणालं. आमच्यातल्या एकानंही जन्मात ब्लॅकबेरी पाहिली नव्हती, पण लगेच सगळ्यांना ती येऊ लागली. मी जरा थांबून, डोळे मिटून म्हणालो, "आणि मागून थोडं चामडं."

"व्हेरी गुड, सर," ती मुलगी म्हणाली.

माझं वाटोळं झालं ते इथं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या इतिहासाच्या मास्तरांनी त्या दिवशी नवी कोरी कोल्हापुरी पायात घातली होती, हे मला परतीच्या वाटेवर टेंभुर्णीच्या आसपास लक्षात आलं. तोवर मी जाणकार झालो होतो.

त्यानंतरच्या काही महिन्यांत मी घरच्यांना जो त्रास दिला तो आता बायको पाहुण्यांना सांगते, म्हणून मी लांबवत नाही. चहासुद्धा कपात फिरवून प्यायला लागलो होतो एवढं पुरे. मे महिन्यात मी आण्णांच्या वाढदिवसाचा बेत एका फुलस्केपवर लिहून काढला. सुरुवातीला कडक भाकरीचे तुकडे, शेंगा चटणी आणि पातीचा कांदा. मग सुकं मटण. मग काळा रस्सा, मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी. शेवटी हुग्गी, आईची समजूत म्हणून. आणि प्रत्येक पदार्थासमोर कंसात कुठली वाईन ते. बायकोनं कागद नीट वाचला, मागची बाजू उलटून बघितली आणि विचारलं, "भाकरी कोण थापणार ते कुठं लिहिलंय?"

लेक पुण्याहून येणार होती. ती बावीस वर्षांची. महाराष्ट्रात कडक दारूला पंचविशी लागते, पण वाईनला एकवीस पुरतात, असं मी तिला कायद्यासकट फोनवर समजावलं. ती म्हणाली, "बाबा, मला ॲसिडिटी होते. मी ताक घेईन." पेले मात्र तिनं आणायचं कबूल केलं. लांब दांडीचे, काचेचे. आमच्या घरात काचेचं म्हणावं असं एकच काही होतं, ते म्हणजे शोकेसचं दार.

आता बाटली. सोलापुरात वाईन शॉप भरपूर आहेत. तिथं सगळं मिळतं, फक्त वाईन मागितली की माणसं चमकतात. मी मुद्दाम घरापासून लांबचं, कुणी ओळखीचं भेटणार नाही असं दुकान गाठलं. संध्याकाळची वेळ, जाळीपुढं रेटारेटी. मी खिडकीशी पोचलो आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो, "सांजोवेझे आहे का?"

"क्वार्टर का खंबा?"

"वाईन हो. रेड."

"मोठ्यानं बोला की."

मी मोठ्यानं बोललो. मागची सगळी रांग गप्प झाली. आणि त्या शांततेत मागून आवाज आला, "नमस्कार, सर!" माझा जुना विद्यार्थी. दांडगा झाला होता, मिशा राखल्या होत्या. त्यानं रांग सोडून पुढं येऊन, सगळ्यांदेखत, वाईन शॉपच्या दारात वाकून माझ्या पायाला हात लावला. "सरांनी आम्हाला केमिस्ट्री शिकवली," त्यानं मागच्यांना सांगितलं. मागून कुणीतरी "दिसतंय" म्हणालं.

दुकानदारानं वरच्या फळीवरून दोन बाटल्या काढल्या. एक तांबडी, एक पांढरी शेनिन ब्लांक. फडक्यानं धूळ पुसली. "दिवाळीपास्नं हितंच हाय," तो म्हणाला, "पण जुनी चांगली असतीय म्हणं." पत्र्याच्या छपराखाली, पूर्ण उन्हाळा, उभी ठेवलेली बाटली म्हणजे काय जुनी होते ते मला माहीत होतं. पण पायावर विद्यार्थ्याचा हात असताना माणूस घासाघीस करत नाही. दीड हजार मोजले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन लांब पुडकी घेऊन निघालो.

बूच काढायचा स्क्रूही मी आणला. तो मिळवायला मंगळवार पेठेतली भांड्यांची दुकानं पालथी घातली. एका दुकानात मला नारळ सोलायचं यंत्र दाखवलं, दुसऱ्यात शेव पाडायचा शेवगा. अखेर एका म्हाताऱ्या दुकानदारानं खोक्याच्या तळातून तो काढून दिला, तेव्हा ऊर भरून आला. घरी आल्यावर बाटलीचं पुडकं सोडलं. दोन्ही बाटल्यांना फिरकीचं झाकण होतं. सॉसच्या बाटलीसारखं. तो स्क्रू मी गुपचूप टूलबॉक्समध्ये टाकला. नंतर बायकोनं त्यानं सिंकचा बोळा काढला, ते काम फार छान झालं.

पुस्तकात लिहिलं होतं, रेड वाईन रूम टेंपरेचरला द्यावी. ज्यानं हे लिहिलं त्याची रूम फ्रान्सात असणार. तिकडच्या जुन्या दगडी घरांत सोळा-अठरा अंश असतात. आमच्या जुळे सोलापूरच्या स्लॅबखालच्या खोलीत जूनच्या तोंडाला, पाऊस यायच्या आधी, पंखा लावून एकोणचाळीस असतात. या हिशेबानं रेड वाईन कपबशीतून फुंकून प्यावी लागली असती. फ्रीजमध्ये जागा नव्हती. तिथं आमरस, दही, कोथिंबीर आणि शेजाऱ्यांचाही आमरस होता. पांढरी बाटली मी कशीबशी फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीमागं कोंबली. अर्ध्या तासानं काढायची असं ठरवून.

तांबडीसाठी मात्र मला शास्त्र सुचलं. बाष्पीभवनानं उष्णता शोषली जाते, माठातलं पाणी हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी सहज गार राहतं. हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात देतो. मी बाटली स्वच्छ धुतली आणि स्वयंपाकघरातल्या माठात अलगद उभी केली. झाकण लावलं. अतिशय समाधान वाटलं.

इथं सोलापूरच्या पाण्याबद्दल सांगायला पाहिजे. आमचं पाणी उजनीहून येतं, शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून, आणि आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड प्रकट होतं. त्यामुळे घरातला माठ, टाकी, पिंप, बादल्या यांचा हिशेब आईच्या डोक्यात पक्का असतो. बँकेतलं पासबुक एवढं पक्कं नसतं. वाढदिवसाच्या दिवशी पाण्याचा पाचवा दिवस होता. पिंपानं तळ गाठला होता. माठ तेवढा भरलेला.

दुपारी आईनं ओगराळं माठात घातलं. ते कशाला तरी ठण्णकन आपटलं. आईनं हात घातला. आधी एक ओला कागद वर आला. बाटलीचं लेबल, गोंद सुटून तरंगत होतं. मग बाटली.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बाटली ओट्यावर ठेवली, माठ दोन्ही हातांनी उचलला, मागच्या दारी नेला आणि जुळे सोलापुरात पाचव्या दिवशी शिल्लक राहिलेलं पिण्याचं सगळं पाणी कढीपत्त्याच्या बुंध्यात ओतलं. "आई, बाटली सीलबंद आहे," मी म्हणालो, "पाण्यात काहीही मिसळलेलं नाही. शास्त्रीयदृष्ट्या..." आईनं माठ उपडा घातला. पंचाहत्तरीच्या दिवशी पाहुण्यांना प्यायला मी चौकातून वीस लिटरचे जार आणले. खांद्यावरून. तिसऱ्या गल्लीतल्या विद्यार्थ्यानं त्याही वेळी नमस्कार केला.

संध्याकाळी मामा आले. मामांची नान्नजकडं द्राक्षबाग आहे. नान्नज बाहेरच्यांना माळढोकामुळं माहीत असतं. आमच्याकडं ते द्राक्षांमुळं माहीत. तिथल्या नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून सोनाका ही जात निवडून काढली आणि लांब मण्याचं द्राक्ष महाराष्ट्रभर पोचवलं. मामा त्याच संस्कारातले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डावण्या, भुरी, जीएचे डीप, बेदाण्याचा दर याशिवाय दुसरं ते बोलत नाहीत. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि वाईन ही दारू की नाही यावर सगळा महाराष्ट्र भांडायला उठला, तेव्हा मामा पारावर बसून वाईनच्या बाजूनं तावातावानं भांडले होते. निर्णय बारगळला तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. वाईन मात्र त्यांनी जन्मात चाखलेली नव्हती. मला वाटलं, आज माझं कौतुक करायला घरात निदान एक तरी माणूस आहे.

टेबलावर पांढरं कापड हवं, असा माझा आग्रह होता. चादरींच्या गावात घरात एकही पांढरी चादर नव्हती. सगळ्यांवर मोर. शेवटी आण्णांच्या ट्रंकेतली निघाली. आण्णा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर होते. नव्वदच्या दशकात मिल बसली, त्याच्या थोडं आधी मिलच्या दुकानातून घेतलेली ही चादर. नॅप्थलीनच्या गोळ्यांच्या वासासकट मी ती अंथरली. आण्णा खुर्चीत बसले, चिमटीत चादरीचा काठ धरून अंगठ्यानं चोळला आणि "साठ इंची," एवढंच म्हणाले.

औक्षण झालं. केकही झाला, लेकीनं आणलेला. मग मी उभा राहिलो आणि बाटली उघडली. फिरकीचं झाकण उघडताना जो करकर आवाज येतो त्याला काही शान नसते, पण मी हाताला झोका देऊन ती आणायचा प्रयत्न केला. लांब दांडीच्या पेल्यांत एक-एक तृतीयांश ओतली. लेकीनं चारच पेले आणले होते, म्हणून मेव्हण्याला स्टीलच्या फुलपात्रात.

"दाजी, तुम्ही आधी," मामा म्हणाले.

आण्णांनी पेला उचलून ट्यूबलाइटसमोर धरला. तिरका केला, सरळ केला. मी मनात म्हटलं, रक्तातच आहे. मी समजावू लागलो. रस बहुतेक द्राक्षांचा जवळजवळ बिनरंगी असतो, तांबडा रंग सालीतून उतरतो, तोंडात जो तुरटपणा येतो तो साल आणि बियांमधल्या टॅनिनचा...

"बिया?" मामा थांबले. "ह्यात बियांची द्राक्षं वापरत्यात?"

"हो मामा. वाईनच्या द्राक्षाला बी असते. मणी बारका, साल जाड."

मामांनी पेला खाली ठेवला. "बी असलेलं, बारक्या मण्याचं, जाड सालीचं," ते सावकाश म्हणाले. "आमची हयात गेली बे ह्या तीन गोष्टी घालवण्यात. असला माल बाजारात नेला तर व्यापारी ढुंकून बघत नाही. आणि तू बाटलीत भरून पाजलालास व्हय?"

"तोडताना साखर जास्त लागते. खायच्या द्राक्षाला अठराच्या आसपास ब्रिक्स चालतं, इथं बावीस-चोवीसपर्यंत जातात. तिचंच पुढं अल्कोहोल होतं. हे बघा, तेरा टक्के."

"चोवीस ब्रिक्स?" मामांचा चेहरा पहिल्यांदा मऊ झाला. "चोवीसला आणली म्हणजे पोरगा कष्टाळू हाय कुणीतरी." आणि त्यांनी घोट घेतला.

इथं मी रसायनशास्त्राचा शिक्षक आहे हे पुन्हा सांगतो, म्हणजे गुन्ह्याचं स्वरूप कळेल. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. आणि तोंडातल्या ज्या चेतातंतूंना तिखट झोंबतं, त्यांना अल्कोहोल आणखी चेतवतं. त्यावर टॅनिननं तोंड कोरडं पडतं. म्हणजे तिखटजाळ जेवणाबरोबर तेरा टक्क्यांची, तुरट, तांबडी वाईन देणं हा तोंडाला आग लावायचा सिद्ध प्रयोग आहे. तो मी घरी जमलेल्या माणसांवर केला. शेंगा चटणीनं ठिणगी पडली. उखळात कुटून तेल सुटलेली, तिखटानं लाल झालेली चटणी कडक भाकरीच्या तुकड्यावर घेऊन मेव्हण्यानं वर फुलपात्रातला मोठा घोट मारला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग सुकं मटण आलं. मग काळा रस्सा आला. मी प्रत्येक वेळी "आता घोट घ्या, आता चव उलगडेल" असं सांगत होतो आणि माणसं वाढदिवसाचा मान म्हणून घेत होती. उलगडत होती खरी. मामांच्या टकलावर घामाचे थेंब उभे राहिले. शेजारचे काका उठून नळाकडे गेले, नळाला पाणी नव्हतं, परत येऊन बसले. लेक एकटी शांतपणे ताक पीत होती आणि सगळे तिच्या पेल्याकडं बघत होते.

"अक्का, तू घे की थोडी," मामा आईला म्हणाले. बुडणारा माणूस दुसऱ्याला बोलावतो तशा आवाजात.

"मी असलं काही घेत नाही," आई म्हणाली. आणि रोजच्याप्रमाणे कपाटातून द्राक्षासवाची बाटली काढून दोन चमचे वाटीत ओतले, तेवढंच पाणी घातलं.

लेकीनं बाटली उचलून लेबल वाचलं. "आजी, यात अल्कोहोल आहे. स्वयंजनित."

"ते औषध आहे."

"द्राक्षं आंबवूनच करतात ते."

"वैद्यांनी दिलंय. जेवणानंतर," आई म्हणाली आणि घटकन वाटी संपवली. वर्षानुवर्षं, दिवसातून दोन वेळा. या घरात वाईनची सगळ्यात जुनी जाणकार कोण, हे आम्हाला सगळ्यांनाच त्या क्षणी कळलं. तिच्या तोंडावर तिखटाचा मागमूसही नव्हता.

तेवढ्यात मला फ्रीझर आठवला.

बाटली दुपारपासून आत होती. पाण्यात अल्कोहोल असलं की गोठायला जास्त थंडी लागते, हेही मी शिकवतो. पण घरच्या फ्रीझरच्या उणे अठरापुढं तेरा टक्के काय टिकाव धरणार. बर्फ फुगतो, त्यानं झाकण वर ढकललं होतं आणि बाटलीच्या तोंडातून पांढरट भुसभुशीत लगदा बाहेर येऊन मटारच्या पिशवीवर बसला होता. मी लपवायला गेलो, पण बायको मागंच उभी होती. तिनं एक शब्द न बोलता परात घेतली, बाटली फडक्यात धरून सगळा भुगा त्यात हलवून हलवून पाडला, वाट्या भरल्या, चमचे खोचले आणि बाहेर नेऊन वाटल्या.

मामांनी चमचाभर तोंडात घातला. डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत. "ह्याला काय म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"शेनिन ब्लांक," मी म्हणालो.

"गोळा," बायको म्हणाली.

त्यानंतर जे झालं ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. गार, आंबटगोड, किंचित चढणारा बर्फ काळ्या रश्श्यावर असा काही बसला की लोकांनी भाकरी पुन्हा मागितली. मेव्हण्याचे कान मूळ रंगावर आले. काकांनी वाटी चाटली. तांबडी बाटली अर्धी तशीच टेबलावर उभी होती आणि तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. मी बघत होतो. मला वाटलं, निदान आण्णांच्या नावानं एक पेला सगळ्यांनी उंच करावा. मी चमच्यानं पेला वाजवला. सगळे गप्प झाले. आण्णा ताठ बसले. "आज या प्रसंगी," मी सुरुवात केली.

"पाणी आलं!" गल्लीतून कुणीतरी ओरडलं.

सोलापूरकर या हाकेला ज्या वेगानं उठतो त्या वेगानं तो दुसऱ्या कशालाही उठत नाही, यात मी वाढदिवस, वऱ्हाड आणि भूकंप तिन्ही धरतो. काका पळाले, कारण त्यांची मोटर बंद होती. बायको पाइपकडं, लेक बादल्यांकडं, मेव्हणा गच्चीवर टाकीकडं. आई धुतलेल्या माठाकडं. मामाही उठले. नान्नजचा माणूस, ज्यांच्या बागेत ठिबक आहे आणि ज्यांचा आमच्या नळाशी काही संबंध नाही, तेही सवयीनं उठले आणि उठताना त्यांच्या कोपराचा धक्का तांबड्या बाटलीला लागला.

मिलच्या पांढऱ्या चादरीवर अर्धी बाटली पसरली. मी पेला उंच धरून उभाच होतो. टेबलाशी आता मी आणि आण्णा दोघंच.

आण्णा डागाकडं बघत होते. वाईट वाटलं असणार, असं समजून मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. वाकले. ओला भाग चिमटीत चुरगळला, सोडला, बोटं पांढऱ्या भागावर घासून बघितली. "धरतोय," ते म्हणाले. पंचाहत्तरीच्या जेवणात त्यांनी वाईनबद्दल उच्चारलेला हा पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चादर वडीच्या साबणानं घासली. पाणी भरपूर होतं, म्हणून मनासारखी घासली. डाग जायच्या ऐवजी निळा-काळा झाला. मी लगबगीनं पुढं होऊन सांगितलं की आई, यात आश्चर्य काही नाही, द्राक्षाच्या सालीतलं रंगद्रव्य जास्वंदीसारखंच असतं, आम्लात तांबडं आणि अल्कलीत निळं. साबण अल्कली आहे. हाच प्रयोग मी दरवर्षी... आईनं ओल्या चादरीचा पिळा माझ्या हातात दिला आणि दोरीकडं बोट दाखवलं.

आण्णा चहा घेऊन अंगणात आले. वाळत घातलेल्या चादरीपुढं उभे राहिले. निळा पट्टा मधोमध, हिंदुस्थानच्या नकाशाएवढा. त्यांनी मागून हात लावला, पुढून लावला, उन्हात डोळे बारीक करून बघितलं. मिलमधून सुटल्यावर मी त्यांना कापडाकडं इतका वेळ बघताना पाहिलं नव्हतं.

"साबणालापण टिकला," ते म्हणाले. "रंग पक्का आहे."

"हो आण्णा. पण डाग..."

"एवढाच आहे म्हणून डाग दिसतोय. सगळी रंगवली तर डाग कुठला?" त्यांनी चहाचा घोट घेतला आणि मनात हिशेब केला. साठ इंच पन्हा, नव्वद लांबी. "अर्ध्या बाटलीत एवढा भाग धरलाय. अजून दहा-अकरा बाटल्या लागतील बघ. दुकानातली चालेल तुझ्या त्या. स्वस्तातली बघ जरा, आणि दिवाळीची आहे का विचार. जुन्याला रंग जास्त असणार."